सगळी आलात का?

"मित्रांनो..."

लेख लिहायला बसलो तेव्हा पहिला शब्द आपोआप हाच उमटला. खोडला. मग लिहिलं, "मित्र आणि मैत्रिणींनो". ते शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं वाटायला लागलं. पुढे "पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" येतंय की काय अशी भीती वाटली! तेही खोडलं. तिसऱ्यांदा "भावांनो" लिहिणार होतो, पण या एका शब्दापायी मी या वर्षी भरपूर बोलणी खाल्ली आहेत. ती का, तेच सांगायला हा लेख.

मी आमच्या वर्गाचा सी.आर. म्हणजे सरांच्या शिव्या वर्गापर्यंत आणि वर्गाच्या शिव्या सरांपर्यंत पोचवणारा पोस्टमन. वर्गात आम्ही साठ. त्यात मुली आठ. मेकॅनिकलमध्ये आठ मुली म्हणजे 'भरपूर' असं सीनियर्स म्हणतात.

मागच्या सेमिस्टरला इंडस्ट्रियल व्हिजिट ठरली. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एक प्लांट बघायचा होता. रात्री साडेदहाला विभागातून निरोप आला की गाडीची सोय झाली आहे, उद्याच जायचं. मी लगेच वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला :

"भावांनो, उद्या सकाळी ७ ला विचुंब्याच्या स्टॉपवर जमा. तळोज्याला प्लांट बघायला जायचंय. सेफ्टी शूज मस्ट. उशीर केला तर गाडी थांबणार नाही."

सकाळी गाडी भरली. एकतीस जण आले. मुलगी एकही नाही. आमच्या मॅडमनी विचारलं, "मुली कुठे आहेत?" मी म्हणालो, "मॅडम, मेसेज टाकला होता. आल्या नाहीत." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडी सुटली. विषय संपला.

निदान मला तसं वाटलं! महिनाभराने सुट्टीतल्या इनप्लांट ट्रेनिंगसाठी विभागाने नावं पाठवली. जागा कमी, इच्छुक जास्त. म्हणून जे व्हिजिटला आले होते त्यांना आधी संधी द्यायची असं ठरलं. कागदावर हे अगदी न्याय्य दिसतं. यादी लागली. पहिली बारा नावं, बाराही मुलं.

आमच्या वर्गात एक मुलगी विचुंब्यातच राहते. स्टॉपपासून पाच मिनिटांवर घर. चौथ्या सेमिस्टरपासून तिला प्रोसेस प्लांटमध्येच काम करायचं आहे, हे अख्ख्या वर्गाला माहीत आहे. यादी लागल्यावर ती कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "त्या दिवशी सात वाजता मी बाल्कनीत ब्रश करत होते. तुमची गाडी जाताना बघितली."

मी उडालोच! "मग आली का नाहीस?"

"तू बोलावलंस कुठे?"

मी मोबाईल काढून मेसेज दाखवला. तिने शांतपणे पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

आता खरं सांगतो, मला तेव्हा रागच आला. म्हटलं, हे अति होतंय. 'भावांनो' आपण सगळ्यांनाच म्हणतो. मुलीही एकमेकींना 'ए भावा' म्हणतात. एवढ्या एका शब्दावरून व्हिजिट सोडायची? विचारता येत नव्हतं का?

ती म्हणाली, "दुसऱ्या वर्षी फाउंड्री बघायला फक्त मुलांना नेलं होतं. तेव्हाही ग्रुपवर असाच मेसेज होता. तेव्हा आम्ही विचारलं, तर 'तिथे मुलींना परवानगी नाही' असं उत्तर मिळालं. यावेळी पुन्हा विचारून तेच ऐकायचं होतं का? आणि विचारायला तरी आधी आपण त्यात आहोत असं वाटायला हवं ना!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस व्याकरणाकडे पळतो. मीही पळालो.

माझा बचाव असा होता. पुल्लिंगी शब्दात स्त्रिया धरलेल्याच असतात. 'विद्यार्थी' म्हटलं की विद्यार्थिनी आल्याच. 'मित्रांनो' म्हटलं की मैत्रिणी आल्याच. कायदाही तेच म्हणतो. खरंच म्हणतो! १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट नावाचा कायदा आहे. त्याच्या १३ व्या कलमात सांगितलं आहे की, संदर्भ वेगळा नसेल तर कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही समाविष्ट समजाव्यात. मी हे शोधून काढलं आणि विजयी मुद्रेने कँटीनमध्ये सादर केलं.

पण शोधायला गेलं की हवं तेवढंच सापडतं असं नाही. त्याच शोधात पुढची गोष्टही हाती लागली. १९१६ साली कलकत्त्यात रेजिना गुहा नावाच्या कायद्याच्या पदवीधर बाईंनी वकिलीसाठी नाव नोंदवायचा अर्ज केला. वकिलांच्या कायद्यात 'स्त्रियांना बंदी' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. पुल्लिंगात स्त्री धरायची हा नियमही तेव्हा कायद्यात होताच. तरी कलकत्ता उच्च न्यायालयाने ठरवलं की या कायद्यापुरता वकील म्हणजे पुरुषच. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कोर्नेलिया सोराबजी १८९२ मध्येच ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊन आल्या होत्या. त्यांनाही रीतसर वकील व्हायला कित्येक वर्षं थांबावं लागलं. शेवटी १९२३ मध्ये स्त्रियांना वकिली करता येईल असं स्पष्ट सांगणारा वेगळा कायदाच करावा लागला.

म्हणजे काय झालं बघा. "तुम्ही यात धरलेल्या आहातच" असं सांगणारा नियम पुस्तकात होता. पण प्रत्यक्ष दारात आल्यावर दरवाजा बंद! धरायचं की नाही हे दर वेळी दुसरंच कोणीतरी ठरवणार. आमच्या वर्गातल्या आठ जणींनी त्या रात्री नेमका हाच हिशोब केला. मागच्या वेळी 'भावांनो'मध्ये आपण नव्हतो, मग यावेळी असू कशावरून?

आपल्या क्षेत्रातलं उदाहरण तर सगळ्यांना पाठ आहे. १९७४ मध्ये टेल्कोने इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली आणि खाली स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं. बंगलोरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं. मुलाखत पुण्यात झाली आणि त्या टेल्कोच्या शॉप फ्लोअरवरच्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. याच पुढे सुधा मूर्ती. ही गोष्ट आपण प्रेरणा म्हणून ऐकतो. मला आता त्यातली दुसरी बाजू दिसते. ती जाहिरात निदान स्पष्ट तरी होती! नकार छापील होता, म्हणून त्यावर पत्र लिहिता आलं. माझ्या मेसेजवर कोण कुणाला पोस्टकार्ड लिहिणार? मी कुठे म्हटलं होतं मुलींनी येऊ नये म्हणून?

कामाच्या जागेची भाषा अशीच घडत गेली आहे, कारण त्या जागांवर बरीच वर्षं पुरुषच होते. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात बायकांना कारखान्यात कामाला ठेवायला मनाई होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींसह ती उठवली. आयटीआयच्या ट्रेडची नावं बघा : वायरमन, ड्राफ्ट्समन. आपल्या हार्बर लाइनची लोकल चालवणारा तो मोटरमन. साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत आल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. ८ मार्च २०११ ला त्यांनी पुणे ते मुंबई डेक्कन क्वीन चालवली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. गाडी त्यांनी बिनचूक चालवली, पण शब्द मात्र अडखळत राहिला. कोणी 'महिला मोटरमन' लिहिलं, कोणी 'मोटरवुमन'. मराठीतला 'चालक' शब्द मात्र कुठेच अडत नाही.

आणि शब्द बदलतात, बरं का. बदलले तरी आभाळ कोसळत नाही. कामावर अपघात झाला तर भरपाई देणारा १९२३ चा कायदा होता. त्याच्या नावात 'वर्कमेन' होतं. २००९ च्या दुरुस्तीने ते काढून 'एम्प्लॉई' केलं. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने सप्टेंबर २०२१ मध्ये 'बॅट्समन'च्या जागी 'बॅटर' आणला, तेव्हा आमच्या हॉस्टेलवर केवढा गोंधळ! "आता क्रिकेटही गेलं!" गेलं का? मराठीत तर हा प्रश्न कधी नव्हताच. आपला 'फलंदाज' कोणीही असू शकतो. स्मृती मंधानाही फलंदाज, रोहित शर्माही फलंदाज.

तुम्ही म्हणाल, एका शब्दाने खरंच एवढा फरक पडतो? यावर एक प्रयोग वाचायला मिळाला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या जेन स्टाउट आणि निलांजना दासगुप्ता यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी नोकरीची खोटी मुलाखत घेतली. काही जणांना कामाची माहिती देताना कर्मचाऱ्याचा उल्लेख फक्त 'ही' म्हणजे 'तो' असा केला. काहींना 'तो किंवा ती' असा, तर काहींना लिंग न दाखवणाऱ्या शब्दाने. काम तेच, माहिती तीच. ज्या स्त्रियांनी फक्त 'तो' ऐकलं त्यांना ती जागा आपली वाटली नाही, आणि त्या कामाबद्दलचा उत्साहही कमी झाला. कोणी त्यांना नको म्हटलं नव्हतं. फक्त सर्वनाम ऐकवलं होतं.

आता एक आक्षेप येतो तो घेऊनच टाकतो. आमच्याच गटातला एक जण म्हणाला, "कंपनीत मुलींसाठी धड टॉयलेट नसतं, त्यांच्या मापाचे सेफ्टी शूज नसतात. ते सोडून तू शब्द मोजतोयस?" बरोबर आहे. टॉयलेट आणि शूज आधी हवेत. पण ते का नसतात याचाही विचार करा. ज्याने स्टोअरला शूजची ऑर्डर दिली, त्याच्या डोळ्यासमोर कोण होतं? सहा, सात, आठ, नऊ नंबरचे पुरुषी पाय! ज्यांना आपण बोलताना मोजत नाही त्यांना ऑर्डर देतानाही मोजत नाही. दोन्ही चुका एकाच डोक्यातून निघतात.

दुसरा आक्षेप मुलींकडूनच आला. "आम्हाला काही फरक पडत नाही. 'गाइज' म्हटलं तरी चालतं." ठीक आहे, ज्यांना चालतं त्यांना चालतं. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत तर दिवसाची सुरुवातच "हाय गाइज"ने होते. या शब्दाचा इतिहास मजेदार आहे. १६०५ मध्ये लंडनचं पार्लमेंट दारूगोळ्याने उडवायच्या कटात गाय फॉक्स नावाचा माणूस पकडला गेला. (आपली गाय नव्हे!) पुढे दरवर्षी त्याचा पुतळा जाळायचे. त्या पुतळ्याला 'गाय' म्हणायचे. मग विचित्र कपडे घातलेल्या माणसाला, मग कुठल्याही पुरुषाला आणि आता सगळ्यांनाच. म्हणजे शब्द पसरू शकतो, हे मान्य. मित्रांच्या कट्ट्यावर कोण कुणाला काय म्हणतं यात मी पडत नाही. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, न कळलं तर विचारतात, नाहीतर शिव्या देतात! पण कामाच्या जागी बोलणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. यादी असते, संधी असते, मार्क असतात. तिथे ऐकणाऱ्याला 'हे माझ्यासाठी आहे का?' असा अंदाज करायला लावू नये, एवढंच.

कारखान्यात तर हा सुरक्षेचाही प्रश्न आहे. त्या व्हिजिटला शिफ्ट सुरू होताना आम्हाला टूलबॉक्स टॉकला उभं केलं होतं. कुठल्या टाकीजवळ वेल्डिंग आहे, कुठला जिना बंद आहे, सायरन झाला तर कुठल्या असेंब्ली पॉइंटला जमायचं, हे दहा मिनिटांत सांगतात. सुरुवात झाली "जंटलमन"ने. तिथे मागे लॅबमधल्या दोन बाई उभ्या होत्या. त्या ऐकत होत्या, पण सुपरवायझर बोलताना त्यांच्याकडे एकदाही बघत नव्हते. असेंब्ली पॉइंटवर मोजणी करताना 'धरलेली आहेत' म्हणून चालत नाही. प्रत्येक डोकं मोजावं लागतं.

मग करायचं काय? दर वेळी 'बंधू आणि भगिनींनो' म्हणायचं? प्लांटमध्ये ते निवडणुकीच्या सभेसारखं वाटेल. 'सज्जनहो' म्हटलं तर लोक वळून बघतील की सज्जन कोण आले! 'स्त्री-पुरुषहो' हेही पूर्ण नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली आहे आणि उद्या ती माणसंही आपल्या शेजारच्या टेबलावर असणार आहेत. असायलाच हवीत.

मी बरेच दिवस इंग्रजीतून उत्तर शोधत होतो. उत्तर घरात सापडलं. माझी आजी फोनवर मामाला सांगत होती, "आम्ही सगळी जेवलो, दोघं अजून यायची आहेत." दोघं म्हणजे माझे आई-बाबा. आणि एकदम ट्यूब पेटली!

दोन पुरुष असले तर 'दोघे'. दोन बायका असल्या तर 'दोघी'. एक बाई आणि एक पुरुष असला तर 'दोघं'. तसंच तिघे, तिघी, तिघं. चौघे, चौघी, चौघं. मराठीने मिश्र गटासाठी वेगळं रूप कधीचंच करून ठेवलं आहे. शाळेत ज्या नपुंसकलिंगाने आपले मार्क खाल्ले ते इथे कामाला येतं! 'मुलगे आले', 'मुली आल्या', पण दोन्ही असतील तर 'मुलं आली'. 'माणसं आली' यात बाई-पुरुष सगळे. आजी अंगणातून "पोरांनो, जेवायला या" अशी हाक मारते तेव्हा माझी बहीण "मी पण का?" असं विचारत नाही. धावत येते आणि माझ्या आधी पानावर बसते. कारण 'पोर' मुलगाही असतो आणि मुलगीही. 'भाऊ' मात्र भाऊच असतो.

हिंदीत "आ गए" की "आ गईं" हे ठरवावं लागतं. मराठीत "तुम्ही आलात का?" हे सगळ्यांना चालतं. "आम्ही आलो" हे मुलंही म्हणतात आणि मुलीही. आणि आज्ञेला तर लिंगच नाही. या, बसा, थांबा, हेल्मेट घाला, व्हॉल्व्ह बंद करा. 'सगळ्यांनी', 'सर्वांना', 'ज्यांनी', 'त्यांनी' ही रूपंही सगळ्यांची. म्हणजे वाक्यातलं नव्वद टक्के काम भाषेने आधीच करून ठेवलंय. बिघाड फक्त पहिल्या शब्दात आहे, आणि पहिला शब्द आपण निवडतो.

आणि तो निवडणं हे काही आजचं फॅड नाही. महात्मा फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालं. त्यात ते नुसतं 'मनुष्य' म्हणून पुढे जात नाहीत. जागोजाग 'स्त्री-पुरुष' असं लिहितात, आणि त्यातही स्त्री आधी. वाचणाऱ्याने 'धरून घ्यावं' असं त्यांनी त्याच्यावर सोडलं नाही. लिहिण्याचे चार कष्ट स्वतः घेतले. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी जोतिबांना जमलं ते मला मोबाईलवर जमायला काय हरकत आहे?

रोजच्या कानावर पडणाऱ्या गोष्टीही बघा. लंडनच्या मेट्रोने २०१७ मध्ये घोषणेतलं 'लेडीज अँड जंटलमन' काढून 'एव्हरीवन' केलं, तेव्हा जगभर बातमी झाली. आपल्या पनवेल स्टेशनवर "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" ऐकतच आपण मोठे झालो. त्याची कुठे बातमी नाही! आणि स्टेशनबाहेर आलं की शेअर रिक्षावाला ओरडत असतो, "चला विचुंबे, विचुंबे, एक सीट, एक सीट!" त्याच्यासाठी बाई, बाप्या, म्हातारं, पोर सगळं 'सीट'. यापेक्षा समान वागणूक काय असणार! (फक्त चौथी सीट ड्रायव्हरशेजारी लटकत असते, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

तर पुढच्या सी.आर. लोकांसाठी, आणि आपल्यातलं जे कोणी उद्या सुपरवायझर, टीम लीडर होणार आहे त्यांच्यासाठी, मी अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी :

१) हाक मारायचीच असेल तर 'मंडळी' वापरा. कीर्तनापासून टीव्हीपर्यंत सगळीकडे चालतो. घरगुती आहे, पण मीटिंगमध्येही विचित्र वाटत नाही. नाहीतर सरळ "सर्वांना नमस्कार".

२) ज्यांच्यासाठी सूचना आहे त्यांचं काम लिहा. "तिसऱ्या वर्षातल्या सर्वांनी", "आजच्या शिफ्टमधल्या सगळ्यांनी", "प्रोजेक्ट टीमने". अर्थही जास्त स्पष्ट होतो.

३) नियम लिहिताना एकवचन टाळा. "जो विद्यार्थी उशिरा येईल त्याने" याऐवजी "जे उशिरा येतील त्यांनी". विभागप्रमुख मॅडमना रजेचा अर्ज लिहिताना सवयीने 'महोदय' लिहू नका. मी तीन वर्षं लिहीत होतो. त्या बिचाऱ्या सही करत होत्या!

४) कोणी आलं नाही तर 'प्रतिसाद नाही' असं लिहिण्याआधी एक फोन करा. ही भाषेची गोष्ट नाही, पण मी ती केली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

पुढे काय झालं? मी मॅडमकडे जाऊन चूक माझी होती हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वहीतली ती ओळ खोडून त्याखाली खरं कारण लिहिलं. विभागाने पुन्हा व्हिजिट ठेवली. पण ट्रेनिंगची यादी कंपनीकडे गेलेली होती, ती बदलता आली नाही. माझं नाव त्या बारांत होतं. ते मागे घेऊन तिचं घाला असं मी सुचवलं, तर कंपनीने वेळ संपली म्हणून कळवलं. तिची त्या सुट्टीतली संधी गेली ती गेलीच. "एवढ्याशा शब्दाने काय होतं?" असं कोणी विचारलं की मला ती यादी आठवते.

प्रवेशात मुलींसाठी तीस टक्के जागा आहेत. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची फीही सरकारने माफ केली आहे. म्हणजे पुढच्या वर्षांत वर्गात आठच्या जागी अठरा मुली दिसतील अशी आशा आहे. दार सरकारने उघडलं. आत आल्यावर हाक आपण मारायची आहे.

दुसऱ्या व्हिजिटच्या आदल्या रात्री मी मेसेज लिहिला आणि यावेळी टाकण्याआधी तिला दाखवला. सुरुवात 'मंडळी'ने होती. ती म्हणाली, "चालेल. पण शेवटी काहीतरी टाक, म्हणजे कोणाला शंकाच राहणार नाही." मग शेवटी लिहिलं, "वर्गातली सगळी या."

सकाळी सातला विचुंब्याच्या स्टॉपवर गाडी उभी होती. पाऊस बारीक पडत होता. मी नेहमीप्रमाणे दारात उभा राहून आत बघितलं आणि तोंडातून "सगळे आले का रे?" निघणार होतं. जीभ चावली.

"सगळी आलात का?"

आतून आवाज आला, "आलो!" त्यात मुलांचे किती आणि मुलींचे किती, ते काही ओळखू आलं नाही. म्हणून मोजले. अठ्ठेचाळीस. आठच्या आठ जणी होत्या.

— अंतिम वर्ष, यांत्रिकी अभियांत्रिकी